तीन केबी आणि आईची दहावी

लातुरात फेब्रुवारी सरत आला की कडुलिंबाची पानं आणि झेरॉक्सचे कागद एकाच वाऱ्यावर उडायला लागतात. चौकाचौकातल्या क्लासच्या फलकांवरची गेल्या वर्षीची हुशार पोरं उन्हानं फिकट होत आलेली असतात आणि यंदाच्यांचे फोटो अजून यायचे असतात. मेसमधली गर्दी जेवताना बोलत नाही. घरमालकिणी टीव्हीचा आवाज कमी करतात. गावाबाहेर ज्वारीची काढणी चाललेली असते. तिकडं शेतात माणसं मोकळेपणानं ओरडतात आणि इकडं शहर मात्र दबक्या आवाजात प्रमेयं पाठ करतं.

परवा ऑफिसला येताना चौकात एक मुलगी ओढणीनं डोकं झाकून, डोळे मिटून, ओठ हलवत उभी दिसली. देवाचं नाव घेत असेल म्हणून मी जरा थांबले, तर ती आम्ल आणि आम्लारी म्हणत होती. आणि मला ते वर्ष आठवलं, ज्या वर्षी मी आयुष्यातली सगळ्यात छोटी वस्तू बनवली आणि माझी आई दहावीला बसली. ही दोन्ही कामं एकमेकांत इतकी गुंतली होती की कुणी कुणाला पास केलं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आमचं ऑफिस म्हणजे मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून तापलेल्या वॉर्निशचा वास येतो आणि वर आम्ही दोघं वेबसाइट बनवतो. दुसरा तो बिरादार, उदगीरच्या पलीकडचा. त्याच्या घरी निम्मी कानडी, निम्मी मराठी. कामात रंगला की मराठी बोलतो, वैतागला की कानडी. मी नांदेडला शिकले. तिथल्या लॅबमध्ये चार जणींत एक कॉम्प्युटर होता आणि तीन वर्षं माझ्या वाट्याला फक्त माउस आला. कीबोर्डला मी हात लावला तो थेट नोकरीत. त्यामुळं असेल, पण भरपूर काहीतरी टाइप करायची माझी हौस अजून फिटलेली नाही.

त्या वर्षी आम्ही एका क्लासवाल्या सरांसाठी दहावीच्या सराव परीक्षांची साइट केली होती. सरांना घड्याळ हवं होतं, बरोबर उत्तराला फुलं पडायला हवी होती, चुकीच्या उत्तराला पान थरथरायला हवं होतं. आम्ही सगळं दिलं. लातुरात, ऑफिसच्या वायफायवर, ती साइट लग्नाच्या मांडवासारखी झगमगत होती.

त्याच सुमारास आईचा फोन आला.

"मनू, मी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता, बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज. मला वाटलं, गल्लीतल्या कुणासाठी तरी तिनं भरून दिला असेल. आई मुखेडपासून आठेक किलोमीटरवरच्या आमच्या गावात अंगणवाडीत मदतनीस आहे. लोकांचे फॉर्म भरून देणं हे तिचं निम्मं काम.

"कुणाचा?"

"माझा."

मग तीच पुढं म्हणाली, "शेजारची कलावती बी परीक्षेला बसून राह्यलीय. आम्ही दोघी विहारात बसून अभ्यास करतोत, दुपारी, लेकरं घरी गेल्यावर. तुझी ती परीक्षेची साइट हाय ना, तिचं काय ते पाठव."

मी तिचं काय ते पाठवलं. अभिमानानं पाठवलं. पाऊण तासानं फोन.

"मनू, हे नुसतं पांढरं दिसून राह्यलंय."

"थांब जरा, उघडेल."

"थांबलेच की. तीन भाकरी टाकल्या. येऊन बघितलं तर अजून पांढरंच हाय. मला वाटलं, हाच पेपर असंल, कोरा."

आईचा फोन म्हणजे नांदेडला नोकरीला असलेल्या भावानं वापरून टाकलेला, काचेला तडा गेलेला, पोट सुप्रभातच्या गुलाबांनी भरलेला. रेंज फक्त विहाराच्या ओट्यावर, तीही पूर्वेकडं तोंड करून बसलं तर. मी बिरादारला सांगितलं. त्यानं साइट उघडून तिचं वजन, म्हणजे ती किती केबी डेटा ओढते ते, काढलं आणि पडदा माझ्याकडं वळवला.

झालं होतं असं. पानावरचं बटण दाबलं की काहीतरी घडतं, ते जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेमुळं. त्या भाषेतली बारीकसारीक कामं लोकांनी आधीच लिहून ठेवलेली असतात. यादी उलटी कर, तारीख नीट मांड, रिकाम्या जागा काढून टाक, अशी शेकडो. अशा कामांच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. आम्ही तसले दोन तयार गठ्ठे उचलून आणले होते आणि त्यांतली कामं वापरत होतो फक्त पाच. एक चमचा हवा म्हणून भांड्यांचं अख्खं दुकान आम्ही आईच्या दारात नेऊन उतरवलं होतं.

"आपण आपली लिहू," बिरादार म्हणाला. "छोटी. तीन केबीची."

"तीनच का?"

"काकूंच्या तीन भाकरी झाल्या ना, म्हणून."

ह्याहून शास्त्रीय कारण त्या लायब्ररीच्या आकाराला आजतागायत नाही.

पहिल्या दोन दिवसांत मी चाळीस कामं लिहून काढली. हातच थांबत नव्हता. अंक रोमनमध्ये बदलणारं एक लिहिलं, दोन तारखांमधले शनिवार मोजणारं एक लिहिलं, कुठल्याही शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी नेणारं एक लिहिलं. का लिहिलं ते विचारू नका, कधीतरी लागेल असं वाटलं. सोमवारी बिरादारनं खुर्ची ओढली आणि एकेक वाचत पुसायला सुरुवात केली. प्रत्येकापाशी तो एवढंच विचारायचा, "कुणी मागितलंय?"

"अजून कुणी नाही, पण समज कुणी..."

"साकु," तो म्हणायचा आणि पुसायचा. साकु म्हणजे कानडीत पुरे.

चौतीस वेळा साकु ऐकल्यावर मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. दुपारी त्यानं माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता घेतली, तिखट लागून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग मला बोलावंच लागलं. संध्याकाळी नावाचा प्रश्न निघाला. मी 'विद्युल्लता' सुचवलं. नुसतं नाव लिहायलाच किती जागा जाईल, ह्यावर आमचं पुन्हा वाजलं. शेवटी जो शब्द त्या दिवशी खोलीत सगळ्यांत जास्त वेळा उच्चारला गेला होता, तोच ठेवला. साकु.

आता कुठलंही काम साकुमध्ये घ्यायचं तर ते कुणीतरी मागायला हवं होतं. आणि मागणारी, म्हणजे खरं तर अडणारी, होती आई.

पहिल्याच सराव पेपरला सरांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या गावाकडून एकाच नावाच्या सात विद्यार्थिनी बसल्यात. सातही जणींना सारखेच मार्क आहेत. हे कॉपीचं प्रकरण आहे का?"

मी आईला विचारलं. "तू 'जमा करा' किती वेळा दाबलंस?"

"दाबलं की. दाबून राह्यले, दाबून राह्यले, ते ढिम्म."

"एकदाच दाबायचं असतं, आई."

"एकदा दाबल्यावर त्याला ऐकू आलं का न्हाई, हे मला कसं कळावं? माणसानं हूं तरी म्हणावं."

बिरादार स्पीकरवर ऐकत होता. त्यानं लिहिलेलं पहिलं काम ते. एकदा दाबलं की बटणानं लगेच 'मिळालं' म्हणायचं आणि पुढं काही क्षण कितीही दाबा, ऐकायचं नाही. जगभर ह्या युक्तीला एक भारदस्त इंग्रजी नाव आहे. आमच्यात तिचं नाव 'हूं'.

दुसरं अंकांचं. आईनं उत्तर लिहिलं १२, मराठीत. मशिनला पाहिजे होतं इंग्रजी बारा. त्यानं पान थरथरवलं. आईनं पुन्हा गणित केलं, पुन्हा बाराच आलं. तिनं कलावतीमावशीला करायला लावलं, तिचंही बारा. मग फोन.

"मनू, बारा इंग्रजीत गेल्यावर तेरा व्हतंय का?"

ते काम मी लिहिलं. अवघ्या एका ओळीत मराठी अंक इंग्रजी झाले आणि मला फार बरं वाटलं. कलावतीमावशीचं निराळंच. तिला लहानपणी कुणा गुरुजींनी सांगितलं होतं की वाक्य संपलं की पूर्णविराम द्यावा. ती प्रत्येक उत्तरापुढं, गणिताच्यासुद्धा, ठसठशीत टिंब द्यायची. मशिन तिला नापास करायचं. तिला सांगायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून मशिनला टिंबाकडं दुर्लक्ष करायला शिकवलं.

मग आईनं एक दिवस उत्तर अक्षरांत लिहिलं. 'एकोणऐंशी.'

इथं बिरादार आणि मी चार दिवस बुडालो. इंग्रजीत वीसपर्यंतची नावं आली की पुढची जुळवता येतात. मराठीत शंभरच्या शंभर नावं वेगळी, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. त्यात देवनागरीचं अक्षर साठवायला इंग्रजीच्या तिप्पट जागा. बिरादार पाढा म्हणावा तसं मोठ्यानं म्हणत टाइप करायचा आणि एकोणसत्तर ते एकोणनव्वदच्या मध्ये कुठंतरी चुकायचा. खालचा रिवाइंडिंगवाला एकदा वर येऊन, कुणाला बरं नाही का, असं विचारून गेला. चौथ्या दिवशी यादी पूर्ण झाली आणि साकु पाच केबीची झाली. नुसते आकडेच दोन केबी खाऊन बसले होते. बिरादारचा चेहरा उतरला. पुसावं तर चार दिवसांची मेहनत, ठेवावं तर भाकरीचा हिशेब मोडतो. शेवटी त्यानंच आईला फोन लावला.

"काकू, तुम्ही उत्तर अक्षरात का लिहिता?"

"मंग कशात लिहू? तिथं लिहिलंय 'उत्तर लिहा'. 'आकड्यात लिहा' म्हणून लिवलं असतं तर आकड्यात लिवलं असतं."

त्यानं फोन ठेवला. मग त्यानं शंभर नावं पुसली आणि पानावर एक शब्द वाढवला. 'आकड्यात.' खुर्ची मागं ढकलून मला म्हणाला, "ताई, काकूंना आपल्याकडं घ्यायला पायजे. आपल्यातलं कुणीतरी एक कमी करू."

एव्हाना साकु तीन केबीच्या जवळ आली होती. जवळ म्हणजे जरा वरच. मला आता त्या आकड्याचं वेड लागलं होतं. वजन कमी करायला निघालेली माणसं काट्यावर चपला काढून उभी राहतात, तसं माझं झालं होतं. मी कोडमधली रिकामी जागा काढली, लांब नावं आखूड केली. तरी थोडं उरत होतं. अगदी सुरुवातीपासूनचं एक काम होतं, लिहिलेलं उत्तर जाता जाता फोनच्या पोटात जपून ठेवणारं, म्हणजे रेंज गेली तरी परत आल्यावर ते जागच्या जागी मिळावं. ते जरा लठ्ठ होतं. आणि माझ्या डोक्यात बसलं होतं की हे कुणी मागितलेलं नाही. बिरादार दोन दिवस गावी गेला होता. मी ते काढून टाकलं. आकडा तीनच्या खाली आला. मी एकटीच टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला नाही. रोज पेपर सोडवून झाला की ती करायची. मीच केला.

"झाला का पेपर?"

"चाळीसातले चौतीस झाले व्हते," ती म्हणाली. "रेंज गेली. आल्यावर बघते तर सगळं कोरं."

"अगं, पुन्हा..."

"जाऊ दे मनू. माझ्यानं न्हाई व्हायचं हे. कलावतीला सांगते, तू बस म्हणून."

आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. भांडी घासून झाल्यावर ती पदराला हात पुसते, तसं ते होतं. मला तिच्या रागाची सवय आहे, ह्याची नव्हती. रविवारी सकाळची एसटी धरली आणि मुखेडला उतरून जीपनं गावात गेले.

आई अंगणात तूर निवडत बसली होती. पुस्तकं फळीवर नीट रचून ठेवली होती, वर रुमाल टाकून. बाबा आत पिठलं हलवत होते. आईचा अभ्यास सुरू झाल्यापासून ते पिठलं शिकले होते आणि आता तिनं अभ्यास सोडला तर आपलं काय, ह्या काळजीत दिसत होते.

मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं की चूक फोनची नाही, रेंजची नाही, माझी आहे. लिहिलेलं जपून ठेवायची सोय होती, ती मीच काढली, एक आकडा छोटा दिसावा म्हणून.

ती तूर निवडत राहिली. मग म्हणाली, "नववीत असताना माझी भूमितीची वही पुरी झाली व्हती. पुरी. सगळ्या आकृत्या पेन्सिलीनं, टोक करून करून. बाईंनी मागितली व्हती, पोरींना दाखवायला. सोमवारी देते म्हणले."

आईचं माहेर किल्लारीजवळचं. ती नववीत होती तेव्हा भूकंप झाला. शाळा राहिली नाही, घर राहिलं नाही, आणि घरात कोण कोण राहिलं नाही ते आम्ही कधी तिला विचारलेलं नाही. एवढं मोठं काही घडलेल्या माणसानं इतक्या वर्षांनी वहीबद्दल बोलावं, हे मला आधी कळेना. मग वाटलं, बाकीच्याबद्दल बोलता येत नसेल, म्हणून वही.

"नवीन गाव बसल्यावर शाळा पुन्हा सुरू झाली," ती म्हणाली. "मला म्हणले ये. पण लिवलेलं पुन्हा लिवायला हात उठत न्हाई, मनू. कोरं दिसलं की जीव जातो."

मी उठले. लॅपटॉप घेतला आणि विहाराच्या ओट्यावर पूर्वेकडं तोंड करून बसले. बिरादारला फोन लावला. तो म्हणाला, "काढलंच का तुम्ही ते?"

"कुणी मागितलं नव्हतं."

"जे गेल्यावरच कळतं, ते कोण आधी मागंल, ताई?"

तासाभरात ते काम परत आलं. ह्या वेळी जास्त सावध केलं. प्रत्येक अक्षरासरशी जपून ठेवायचं, आणि पान उघडताच वर लिहून यायचं, 'तुमचं लिहिलेलं सगळं आहे.' बिरादारनं वजन सांगितलं, सव्वातीन केबी. मी म्हटलं, तीनच्या वर गेलं. तो म्हणाला, "जाऊ द्या की. चौथी भाकर भाजायला टाकली म्हणायचं."

आईला मी काही न सांगता तिचा फोन हातात दिला. तिनं दोन उत्तरं लिहिली. मी फोन बंद केला, चालू केला, पुन्हा दिला. तिनं बघितलं. पुन्हा स्वतः बंद केला, चालू केला. असं पाच वेळा. मग कलावतीमावशीला हाक मारून तिला एक उत्तर लिहायला लावलं आणि तिच्यासमोर सहाव्यांदा. मावशीनं विचारलं, "माझं टिंब राह्यलं का जागेवर?" राहिलं होतं. फळीवरचा रुमाल त्याच दुपारी निघाला.

परीक्षेचं केंद्र मुखेडला होतं. पहिल्या पेपरला मी सोबत गेले. फाटकापाशी एक सर मोठ्यानं सांगत होते, "पालकांनी बाहेर थांबा." आई चालत राहिली. ते आडवे आले. "मावशी, पालक बाहेर."

"सर, पालक ही हाय," आईनं माझ्याकडं बोट केलं. "मी पेपरला हाय."

सरांनी हॉलतिकीट बघितलं, मग तिला बघितलं, आणि बाजूला झाले. मी पाण्याची बाटली धरून झाडाखाली इतर पालकांत उभी राहिले. शेजारी एक शेतकरी पालक होते, पोराच्या काळजीनं गळून गेलेले. त्यांनी विचारलं, "तुमचं लेकरू कोणत्या खोलीत बसलंय?"

"लेकरू नाही. आई."

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "बरं हाय. त्यांना मार तरी पडणार न्हाई."

निकालाच्या दिवशी आईनं फोनकडं बघायला नकार दिला. मी वाचायचं आणि तिनं पाठ फिरवून उभं राहायचं, असं ठरलं. मराठी एकाहत्तर. इतिहास चांगला. गणित अडतीस. अडतीस म्हटल्यावर तिनं विचारलं, "पुरे का तेवढे?" मी म्हटलं, पस्तीस लागतात. कलावतीमावशी इंग्रजीत राहिली. ती हसतच म्हणाली की मला त्या भाषेचं टिंब कुठं द्यायचं ते कळलंच नाही. तिच्यासाठी आई पुन्हा दुपारी विहारात बसू लागली. मावशी पुढच्या खेपेला सुटली.

साकु आम्ही जगासाठी मोकळी ठेवून दिली. कुठकुठली माणसं वापरतात. मधे दूरच्या कुणीतरी लिहून विचारलं होतं, टिंबाकडं दुर्लक्ष करणारं काम कशासाठी आहे, ते काढलं तर आणखी हलकी होईल. बिरादारनं उत्तर दिलं, कलावतीमावशींना विचारून कळवतो. अजून कळवलेलं नाही.

निकालानंतरच्या महिन्यात आईला कसल्या तरी दाखल्यासाठी मुखेडच्या कचेरीत घेऊन गेले होते. टेबलामागचा माणूस खाली मान घालून रकाने भरत होता. नाव, वय, राहणार. मग मान वर न करताच त्यानं मला विचारलं, "ह्यांचं शिक्षण काय लिहू? नववी?"

मी तोंड उघडलं तर आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"दहावी," ती म्हणाली.

त्यानं लिहिलं. पुढच्या रकान्याकडं पेन नेला. आईचा हात माझ्या मनगटावर तसाच होता. ती टेबलावर थोडी वाकली आणि तो कागद तिनं नीट वाचला.

"पुढं 'पास' लिहा, साहेब," ती म्हणाली. "दहावीला बसलेले लई असतेत."